बाबांची मोरी

गेल्या पावसाळ्यानंतरचे माझे जवळजवळ सगळे रविवार महाडला, बाबांच्या मोरीपुढे उकिडवं बसून गेले. आठवडाभर पोलादपूरच्या शाळेत मुलांवर ओरडायचं, शनिवारी घरातलं उरकायचं आणि रविवारी सकाळी मिळेल ती एसटी पकडून खाली उतरायचं. पिशवीत वर बाबांसाठी भाकऱ्या नि सुकटीची चटणी, आणि खाली वेगळ्या पिशवीत बांधलेले रबरी हातमोजे, सोड्याची पुडी आणि तारेचं वेटोळं. एसटीत शेजारी बसलेली बाई हमखास विचारायची, माहेरी चाललात का? मी हो म्हणायचे. माहेरी जाऊन बायका काय काय करतात हे तिला सांगून तिचा रविवार कशाला नासवायचा?

मोरी जुन्या पद्धतीची आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा कठडा, आत शहाबादी फरशी, एका बाजूला नळ आणि समोर भिंतीच्या बुडाशी पाणी जायचं भोक. भांडी तिथेच, कपडे तिथेच, आंघोळही तिथेच. भोकातून पाइप फरशीखालून, भिंतीखालून मागच्या गल्लीत जातो. तिथे आमचं आणि शेजारच्या घराचं मिळून एक चेंबर आहे. चेंबरातून पाणी गटारात, गटारातून नदीला.

आणि नदी हाकेच्या अंतरावर. आमची आळी महाडच्या सखल भागात. आमच्याकडे भिंतीवर रंगापेक्षा पुराच्या पाण्याची रेघ जास्त टिकते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, बहुतेक नोकरी आंबेनळीच्या घाटात गाडी चढवण्या-उतरवण्यात गेली. आई गेल्यापासून ते या घरात एकटेच राहतात. धाकटा भाऊ डोंबिवलीला. मी, यजमान नि आमची पोर पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्याच रस्त्याला, उंचावर. डोंगराचा पाय कापून काढलेल्या जागेत आम्ही घर बांधलंय. नदीने कितीही ठरवलं तरी तिथे ती येणार नाही.

म्हणून भावाने आणि मी ठरवलं होतं की पुढचा पावसाळा लागायच्या आत बाबांना माझ्याकडे आणायचं आणि महाडच्या घराला कुलूप लावायचं. बाबांनी काही ठरवलं नव्हतं. पाणी येतं नि जातं, मी कुठे वाहून गेलो का, एवढंच त्यांचं उत्तर. गणपती झाले आणि मोरी तुंबायला लागली, तेव्हा भावाला आयतंच निमित्त मिळालं. त्याने फोनवर बाबांना सरळ सुनावलं की मोरी वाहती ठेवता येत नसेल तर घर बंद करा आणि ताईकडे जा, ओल्या फरशीवर घसरून पडलात तर चार दिवस कोणाला कळायचं नाही. बाबा म्हणाले, मोरी वाहते. मी समोरच उभी होते, मोरीत पाणी घोट्याएवढं साचलं होतं आणि त्यात चहाचा चोथा तरंगत होता.

इथून माझी रविवारची वारी सुरू झाली. खरं तर मलाही बाबा माझ्याकडे यायला हवे होते. मोरी मोकळी झाली तर ते इथेच राहणार आणि नाही झाली तर माझ्याकडे येणार, इतका साधा हिशेब होता. म्हणजे हातमोजे घालून मी दर रविवारी माझ्याच विरुद्ध राबत होते. पण तुंबलेली मोरी समोर ठेवून बापाला भाकरी वाढणं मला जमेना. 

सुरुवातीला साधे उपाय केले. उकळतं पाणी ओतलं. मग सोडा टाकून त्यावर उकळतं पाणी. मग रबरी पंपाने दाबून दाबून खांदे दुखवून घेतले. मग तार घातली आणि तारेच्या आकड्याला लागून एकेक ऐवज वर यायला लागला: भाताची शितं, मासळीचे खवले, काथ्याचे तंतू, राखेचा चिखल, आणि या सगळ्यावर खोबरेलाचा पांढरा थर. थंडी पडायला लागली की खोबरेल गोठतं, हे आपण बाटलीत बघतो, पाइपात बघत नाही.

राखेवरून आमचं पहिलं भांडण झालं. बाबा अजून चुलीच्या राखेने आणि नारळाच्या काथ्याने भांडी घासतात. गॅस असताना पाणी तापवायला चूल पेटवतात, राख निघते, मग ती वाया कशाला घालवायची. भांड्यांचा साबण बुळबुळीत असतो म्हणे. मी त्यांना समजावलं की राख पाण्याबरोबर जाते आणि पाइपात बसते, तिच्यावर तेल बसतं, तेलावर शितं बसतात, आणि मग मी बसते. ताट आधी कागदाने पुसून घ्या, चहाचा चोथा केळीच्या बुडात टाका, खवले मांजराला ठेवा, आठवड्यातून एकदा कढत पाणी सोडा. बाबा प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होते. पालथ्या घड्यावर पाणी. भोकावर बसवायला मी स्टीलची छान जाळी घेऊन गेले. पुढच्या रविवारी ती जाळी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती. मोरीवर ठेवली तर पाणी हळू जातं, असं त्यांचं म्हणणं. मी ते दूध ओतून दिलं, मोरीतच, आणि ते हळूच गेलं.

गंमत अशी की रविवारी संध्याकाळपर्यंत पाणी वाहायला लागायचं. मी जिंकल्यासारखी एसटीत बसायचे. बुधवारी फोन केला की बाबांचा आवाज जरा जास्तच मोकळा असायचा, आणि तेवढ्यावरून मला कळायचं की पुन्हा तुंबली. ते कधी कबूल करायचे नाहीत. साचलेलं पाणी तांब्याने बादलीत भरायचं आणि बादली मागच्या दाराने नेऊन केळीला घालायची, असा त्यांनी परस्पर मार्ग काढला होता. केळीला पाणी लागतंच, म्हणाले. ओली फरशी, उंबरठा, तीन पायऱ्या आणि हातात भरलेली बादली. ते डोळ्यांपुढे आलं की मला भीती वाटायची आणि भीतीपेक्षा जास्त राग यायचा, इतका की वर्गात एखादं पोर उगाच ओरडा खायचं.

भाऊ डोंबिवलीहून मार्गदर्शन करत होता. दुरून डोंगर साजरे. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक स्वच्छ बाई स्वच्छ मोरीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतते आणि हसते. मी महाडच्या बाजारात व्हिनेगर शोधत फिरले. ओतलं. फेस भरपूर आला. बाबांनी तो कौतुकाने पाहिला. पाणी तसूभर हललं नाही. भावाला सांगितलं तर म्हणाला, प्रमाण चुकलं असेल. मी फोन ठेवून दिला.

मग माझा संशय शेजारी वळला. शेजारच्या भाभी म्हणजे आमच्या आईची मैत्रीण, नवरा ट्रान्सपोर्टवाला होता, आता तो नाही. दोन मुलगे आखातात, सुना-नातवंडं इथे. त्या दिवसांत थोरला मुलगा सुट्टीवर आला होता आणि घरात रोज पाहुण्यांची पंगत. चेंबर दोघांचं एकच. मी मनात गणित मांडलं: एवढ्या माणसांची भांडी, एवढं मटण, एवढी चरबी, सगळी जाऊन चेंबरात थिजणार आणि आमचं पाणी मागे फिरणार. आपला तो बाब्या, म्हणतात ना, त्याप्रमाणे बाबांचे खवले मी विसरले आणि भाभींची चरबी धरून बसले. एका रविवारी गल्लीतच त्यांना म्हटलं, चांगल्या ठसक्यात म्हटलं, की भाभी, जरा तेलकट खरकटं मोरीत सोडू नका, आमच्या म्हाताऱ्याला त्रास होतो. बाबा मागच्या दारात उभे होते. त्यांनी केळीकडे मान वळवली.

भाभी तेव्हा नुसती मान हलवून आत गेल्या. पण आठवड्यात त्यांनी माणूस बोलावून चेंबरावरचं झाकण उघडून घेतलं, आतला गाळ उपसून घेतला, स्वतःची लाइन साफ करून घेतली आणि झाकण तसंच बाजूला ठेवून माझी वाट बघितली. रविवारी मी आल्या आल्या त्यांनी मला गल्लीत उभं केलं. सुनेला आतून बादली ओतायला सांगितली. त्यांच्या पाइपातून पाणी धडधडत चेंबरात आलं आणि गटाराकडे निघून गेलं. मग बाबांना बादली ओतायला सांगितली. आमच्या पाइपाच्या तोंडातून बऱ्याच वेळाने करंगळीएवढी धार लागली.

"बघितलं ना?" भाभी म्हणाल्या. "तुमचं पाणी माझ्यापर्यंत पोचतच नाय. जे काय हाय ते तुमच्या घरात हाय. बापाला विचार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, त्यांनी चहा पाजला, पण एरवी चमचाभर साखर जास्त घालणाऱ्या भाभींचा त्या दिवशीचा चहा बेताचा गोड होता. बापाला विचार, हे त्या रागाच्या भरात बोलल्या असं मी समजले. विचारलं काहीच नाही.

एवढं मात्र पक्कं झालं की अडलंय ते मोरीचं भोक आणि चेंबर यांच्यामध्ये, आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीखाली. मी बांबूची लांब कामटी आणली आणि चेंबरच्या बाजूने आत सरकवली. एका ठिकाणी ती अडायची. दगडाला लागली तर टक्क वाजते, चिखलात गेली तर रुतते. ही कशाला तरी मऊ लागायची आणि परत मागे यायची. उशीला काठी टोचावी तसं. मी जोर लावला की मागून बाबा म्हणायचे, जुना पाइप हाय, फुटेल, जोर नको लावू. घाटातल्या प्रत्येक वळणावर गाडीचा गिअर दणकून टाकणारा माणूस पाइपाच्या बाबतीत एवढा नाजूक कधीपासून झाला, असं मनात आलं, पण घामाने डोळे चुरचुरत होते आणि मी तो विचार तिथेच सोडला.

आता प्लंबर. बिरवाडीचा होता, कारखान्यांतली कामं घ्यायचा, त्यामुळे घरच्या मोरीला हात लावणं त्याला जरा कमीपणाचं वाटे. फोन केला की "निघालोच" म्हणायचा. मी पोलादपूरहून येऊन, चहा पिऊन, जेवून, भांडी घासून, परतीच्या एसटीत बसायचे, तरी तो बिरवाडीहून निघतच असायचा. बिरवाडी महाडपासून किती लांब आहे हे मला माहीत होतं. तो बहुतेक शिवथरच्या घळीला प्रदक्षिणा घालून येत असावा. नाकी नऊ आले. शेवटी एका रविवारी मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून त्याला घेऊन आले. शाळेतल्या पोरांनी बघितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं.

त्याने लांब वळवळती स्प्रिंग आत घातली, फिरवली, शिव्या घातल्या, बाहेर काढली. टोकाला काळपट धागे गुंडाळलेले. म्हणाला, कपडा अडकलाय, फरशी फोडायला लागेल.

बाबा मधे आले. फोडू नका म्हणाले. आधी म्हणाले तसली फरशी आता मिळत नाही. मग म्हणाले आज अमावास्या आहे. अमावास्येला घाटातून गाडी काढणारे, लिंबू-मिरची बांधणाऱ्या क्लीनरला हसणारे बाबा. मी म्हटलं, अमावास्या परवा झाली. शेवटी म्हणाले, ही फरशी तुझ्या आईने उभं राहून बसवून घेतलीय. मी प्लंबरला थांबवलं. प्लंबरने हत्यारं गोळा केली, पुढच्या वेळी घरात ठरवून मग बोलवा म्हणाला, आणि गेला. त्या दिवशी मी बाबांशी न बोलता जेवले आणि न बोलता निघाले. एसटीत खिडकीशी बसून रडले सुद्धा. एक भोक, एक पाइप, आणि मला ते जमत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच गेले. प्लंबरला पुन्हा बिरवाडीहून धरून आणलं आणि बाबांना सांगितलं की तुम्ही पुढे ओट्यावर जाऊन बसा, आज फरशी फुटणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि गुपचूप पुढे गेले. मला वाटलं होतं त्याहून हे सोपं गेलं, आणि त्याचंही मला तेव्हा नवल वाटलं नाही.

दोन फरशा निघाल्या, खालचा पाइप कापला, आणि प्लंबरने आत हात घालून ओढून काढलं ते एखाद्या मेलेल्या घुशीएवढं होतं. मी दोन पावलं मागे सरले. मग त्याच्यावर पाणी मारलं तर खाली खाकी रंग दिसला. पँटचा पाय होता. कापलेला, वाळू आणि चिंध्या भरलेला, दोन्ही तोंडं गाठ मारून बंद केलेली. एका गाठीला तुटक्या काथ्याच्या दोरीचं वीतभर टोक. त्या पायावर पोटरीच्या उंचीला असलेली रफूची शिवण आईची होती. मी ओळखली.

आता हे आमच्या आळीबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पुराचं पाणी आमच्याकडे दारातून येण्याआधी मोरीतून येतं. नदी फुगली की गटार उलटं चालतं. भोकातून आधी बुडबुडे येतात, मग काळं पाणी, आणि पुढचा उंबरठा कोरडा असतानाच स्वयंपाकघर भरायला लागतं. म्हणून आळीतल्या जुन्या बायका पाऊस लागायच्या आत बोळा करून ठेवतात. जुन्या लुगड्यात वाळू बांधायची, त्याला लांब दोरी लावायची, बोळा भोकात ठासायचा, दोरीचं टोक नळाला बांधायचं आणि वरून पाटा ठेवायचा. पाणी उतरलं की दोरी ओढून बोळा बाहेर. आईचा बोळा दरवर्षी तयार असे, आणि बाबा दरवर्षी त्याची टर उडवत. बोळ्याने नदी अडते होय, अख्खी सावित्री मागे फिरेल आता, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत. आई हूं की चूं न करता पाटा ठेवायची.

गेल्या श्रावणात, मोरी तुंबायच्या आधी, नदीने इशारा दिला होता. पाणी आळीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलं, घरात शिरलंच नाही. भाऊ नि मी फोन करत होतो आणि बाबा म्हणत होते, काही नाही, निवांत बसलोय. निवांत बसून ते आपल्या ड्रायव्हरकीच्या पँटचा पाय कापत होते. बोळा केला, दोरी लावली, पण नळाला बांधायची ती राहिली. तेवढंच त्यांनी आईचं कधी नीट बघितलं नसावं. ठासताना बोळा पार खोल गेला, ओढताना दोरी तुटली, आणि मग गणपतीपासून मी.

माझ्या डोक्यात सणक गेली. सगळे रविवार आठवले. व्हिनेगर आठवलं. भाभींना मी गल्लीत बोलले ते, आणि मागच्या दारात उभे राहून ते ऐकणारे बाबा आठवले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे किती लपवायचं! तो ओला खाकी गोळा तसाच पाणी गळत हातात घेऊन मी ओट्यावर गेले आणि त्यांच्या पायाशी टाकला. म्हटलं, हे काय आहे?

बाबांनी तो पायानेच जरा उलटा केला. गाठ बघितली.

"तुझ्या आईचा बरोबर बसायचा," ते म्हणाले.

मी विचारलं की मग सांगितलं का नाही, माझे इतके रविवार गेले, एका शब्दाने संपलं असतं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही दोघं म्हणाला असतात की बाबा घाबरतो, उचला त्याला. आणि खरोखर, मी तिथल्या तिथे भावाला फोन लावला, झालेलं सांगितलं, आणि तो पलीकडून हेच म्हणाला. म्हणजे ते आतून घाबरलेत ताई, आता ऐकू नकोस, आजच घेऊन जा. फोन मोठ्या आवाजावर होता. बाबा नदीच्या दिशेला बघत बसले होते.

मी जिंकले होते. फरशी फुटलेली, बाबांची बढाई उघडी पडलेली, भाऊ माझ्या बाजूने. मी म्हटलं, घाबरता ना? मग चला. कपड्यांची पिशवी भरते. मागून हवं तर सामान आणू.

"घाबरतो की," बाबा म्हणाले. त्यांनी ते सरळ म्हटलं, गाडीची वेळ सांगावी तसं. "पण तुझ्याकडं येऊन काय करू गो? सगळी नोकरी त्या घाटात घातली मी. डोंगर सुटतो तेव्हा आधी बुडबुडे येत नाय. पाण्याला बोळा तरी घालता येतो. तुझ्या घरामागच्या डोंगराला काय घालशील?"

मी म्हटलं, आमच्या मागे भिंत बांधलीय, चांगली जाड, इंजिनियरला दाखवून बांधलीय. बाबा म्हणाले, बघितलीय मी ती भिंत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की पावसात मी रोज संध्याकाळी फोन करतो तो काय माझी मोरी सांगायला करतो काय. ते खरं होतं. पावसाळाभर रोज फोन यायचा, लाइट आहे का, पोर काय करते, मागून कसला आवाज येतो का. मी पोळ्या लाटत हो-नाही करायचे आणि ठेवून द्यायचे, कारण त्या फोनची मला कटकट व्हायची.

"पावसापुरती पोरीला घेऊन तूच खाली येत जा," बाबा म्हणाले. "जागा हाय. मोरी पण आता मोकळी होईल."

मला काहीतरी फाडकन बोलायचं होतं. चांगलं, शेवटचं, त्यांचं तोंड बंद होईल असं. पण आतून प्लंबरने हाक मारली की पाइपाचा तुकडा आणायला पैसे द्या, तेव्हा मी उठून आत गेले.

संध्याकाळपर्यंत नवा पाइप बसला. प्लंबरने चेंबरच्या बाजूला एक झडप बसवली, पाणी बाहेर जाताना उघडते आणि उलटं यायला लागलं की मिटते. बाबांनी ती बोटाने उघडून मिटून बघितली, दोनतीनदा बघितली. बादली ओतली तर पाणी गर्रकन गेलं. भाभी गल्लीत येऊन बघून गेल्या आणि बाबांना म्हणाल्या की एवढंच होतं तर मला तरी सांगायचं, दोरी मी बांधून दिली असती. बाबांनी मान खाली घातली. एवढ्या दिवसांत मी त्यांना कोणापुढे मान खाली घालताना बघितलं ते तेव्हाच. भावाला कळवलं की ते येत नाहीत. तो चिडला, तू त्यांच्या बाजूची झालीस म्हणाला. बाजू कोणती ते मलाही सांगता येईना, म्हणून मी गाडी आली म्हटलं आणि फोन ठेवला.

एसटी पोलादपूरकडे चढायला लागली तेव्हा मी अजून चिडलेलीच होते. म्हाताऱ्या माणसांना बोलण्यात कोण हरवणार, असं स्वतःशी म्हणत होते. घरी पोचले, हातपाय धुतले, पोरीची वेणी घातली. तिची खोली मागच्या बाजूला, खाट मागच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे आमची ती जाड भिंत आणि तिच्यापलीकडे डोंगर. रोजचंच सगळं. मी थोडा वेळ दारात उभी राहिले आणि मग यजमानांना हाक मारून म्हटलं की हिची खाट पुढच्या खोलीत घेऊ या.

आत्ताच कशाला, त्यांनी विचारलं.

मागे ओल येते, मी म्हटलं.

थंडीचे दिवस होते. त्यांनी भिंतीवर तळहात फिरवून बघितला. भिंत कोरडी ठणठणीत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि खाटेची दुसरी बाजू उचलली.